शेवटच्या रांगेतून दिसणारे डोळे

३ जानेवारी

रागावलेल्या मुलीस,

फोन करायचा नाही, तालमीला यायचं नाही, गाडी पकडून दारात उभं राहायचं नाही. पत्र लिहिलंस तर वाचीन, कारण कागदावर तुझा आवाज चढत नाही. हॉलच्या पायऱ्यांवर तू हे सांगितलंस तेव्हा मी मान डोलावली होती. मग हे घे पत्र. बघ किती हळू बोलतोय.

आधी एकच गोष्ट बोलतो आणि विषय मिटवतो. तुमचे दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणाले, या मुलीचे डोळे शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाहीत, तिला डोळ्यांना काही लावता येत नसेल तर भूमिका त्या उंच मुलीला देऊ. त्यावर मी मागून म्हणालो, मग शेवटची रांग पुढे आणा. यात चुकीचं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. आणि खुर्ची मी फेकली नाही, उठताना पाय लागून पडली. असो. मिटला विषय.

आता कामाचं. तुझी ॲलर्जी मी मनावर घेतली आहे. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्या पाठीवर तपासणीची ठिगळं चिकटवून जे नाव शोधून काढलं, ते मी पाठ केलंय: मिथाइलआयसोथायाझोलिनोन. हे नाव घेताना एकदा श्वास घ्यावा लागतो, म्हणून मी त्याला लांबनाव्या म्हणतो. वस्तू नासू नये, बुरशी धरू नये म्हणून घालायचं प्रिझर्व्हेटिव्ह. रसायनशास्त्र मी अर्ध्यात सोडलं हे खरं, पण जे अर्धं शिकलो ते या कामाला पुरेल असं वाटतंय.

शिवाय मी आता आत्याच्या दुकानात असतो. तू पाहिलेलं नाहीस. घड्याळवाला आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये एक बोळकांडं आहे, तेच आपलं दुकान. दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, मधे एकच माणूस उभा राहील एवढी जागा. गिऱ्हाईक आत आलं की मला आत्याच्या पाठीमागे सरकावं लागतं. आत्याने मला ठेवून घेताना एकच अट घातली, गिऱ्हाईकाशी भांडायचं नाही. पहिल्याच दिवशी मी भांडलो. दुसऱ्या दिवशी तिने मला कपाटं पुसायला लावलं, आणि पुसता पुसता मी प्रत्येक डबीच्या मागचं बारीक अक्षर वाचायला लागलो. लोक वर्तमानपत्र वाचतात, मी मस्कारा वाचतो.

आणि त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. ज्यात पाणी, त्याला नासायची भीती. ज्याला नासायची भीती, त्यात लांबनाव्या किंवा त्याचा कोणी भाऊबंद. मस्कारा ओला, पातळ आयलायनर ओला, म्हणून ते बाद. पण पेन्सिल म्हणजे मेण आणि रंग, दाबून बसवलेली आयशॅडो म्हणजे कोरडी पूड. त्यात पाणीच नाही, तर तो येईल कशाला? तरीही प्रत्येकीच्या पाठीवरचं वाचतोच, कारण कोरड्या माणसांवरही माझा फार विश्वास नाही.

आणखी एक. मेकअप उतरवायला तू ते ओले वाइप्स वापरतेस ना, पाकिटातून एकेक ओढून काढतात ते? टाकून दे. आजच. आपल्याकडच्या तीन पाकिटांवर लांबनाव्याचं नाव छापलेलं आहे. म्हणजे डोळ्याला लावलेलं निघतं आणि तो बसतो. साधं बिनवासाचं तेल घे, मऊ फडकं घे. आणि तुमच्या नाटक मंडळाचा तो सगळ्यांच्या तोंडावरून फिरणारा ब्रश तुझ्या डोळ्याजवळ येऊ देऊ नकोस. तुझा ब्रश वेगळा, तुझी डबी वेगळी.

सोबत रंगांचे नमुने पाठवतोय. आख्ख्या डब्या पाठवल्या तर आत्या मलाच डबीत भरील. म्हणून युक्ती केली: कागदावर बोटाने गोंद पसरला, तो ओला असतानाच आयशॅडोची पूड भुरभुरवली, वाळल्यावर झटकलं. सहा चौकोन झालेत. बोटाने हलकं घासलंस की रंग बोटावर येईल, तो पापणीवर लावून आरशात बघ. दुरून कोणता दिसतो ते रेडिओला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी करून विचार. तुझ्या खोलीतल्या त्या बातम्या पसरवणाऱ्या मैत्रिणीचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

प्रयोग आठ फेब्रुवारीला. वेळ आहे. ती भूमिका तुझीच आहे, उंची वगैरे सगळं झूट.

तुझा (हे खोडणार होतो, नाही खोडलं)
भडकू


९ जानेवारी

हळव्या मुलीस,

होय, हळव्या. मला सगळं कळलंय.

फोन मी केला नाही. रेडिओने दुकानात केला, केसांच्या पिना हव्या होत्या म्हणून. पिनांचं झाल्यावर तिने बातम्या लावल्या. म्हणाली, तुझं पत्र आलं, हिने दार लावून वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी डोळे टम्म. लालबुंद. कोणाशी धड बोलेना.

मी पिनांचे पैसे सांगायचे विसरलो.

मी नीट विचार केला. अर्धा असलो तरी शास्त्राचा माणूस आहे. मेकअप तू सध्या करत नाहीस. वाइप्स टाकून दिलेस, तेही रेडिओनेच सांगितलं. मग डोळे सुजायला उरलं काय? मी आत्याला सांगितलं, माझं पत्र वाचून ती मुलगी रडली. आत्या पावडरचे डबे मोजत होती, वर न बघता म्हणाली, प्रेमाने माणसाचे डोळे सुजत नाहीत, जागरणाने सुजतात. आत्याचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे तिचं मत मी धरत नाही. (हे तिला कळवू नकोस.)

इथली खबर अशी की मी सध्या डोळ्यांत काजळ घालून दुकानात उभा असतो. हसू नकोस. तुला लावायच्या प्रत्येक पेन्सिलची आधी स्वतःवर परीक्षा घेतोय. उजव्या डोळ्याला एक कंपनी, डाव्याला दुसरी. घड्याळवाले काका दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळ्याला भिंग लावलेलंच ठेवून मला जवळून पाहिलं आणि म्हणाले, डावा पुढे चाललाय.

आत्याने मात्र धरलंच. म्हणाली, हे काय सोंग? मी म्हटलं, तपासतोय, मला काही झालं नाही म्हणजे वस्तू चांगली. ती म्हणाली, "तू जेवलास की तिचं पोट भरतं का रे?"

ॲलर्जी तुला, मला नाही. मी अख्खा मस्कारा प्यायलो तरी मला काही व्हायचं नाही. म्हणून परीक्षा तुलाच घ्यावी लागेल, पण डोळ्यावर नाही. पेन्सिल पाठवीन तेव्हा आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावायची, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. तिथे खाज नाही, पुरळ नाही, मग डोळ्याकडे वळायचं. हे डॉक्टरीणबाईंना विचारून घे. त्या माझ्यापेक्षा पूर्ण शिकलेल्या आहेत.

भांडणाचंही सांगून टाकतो, नाहीतर कुठून तरी कळेलच. एक विक्रेता आला होता, टाय लावलेला. त्याच्या काजळाच्या डबीवर हिरवं पान आणि मोठ्या अक्षरांत ‘निसर्गातून’. मी डबी उलटी केली आणि मागचं वाचलं. म्हटलं, हा लांबनाव्या कुठल्या झाडाला लागतो? तो म्हणाला, असं सगळ्यांतच असतं. मी म्हटलं, मग पान सगळ्यांवर का नाही? तेवढ्यात आवाज जरा वर गेला. आत्याने मला झेरॉक्सवाल्याकडे सुटे आणायला पाठवलं. सुटे गल्ल्यात भरपूर होते.

पण परत येतो तर आत्या त्या विक्रेत्यालाच विचारत होती की पान कुठलं. घराणंच तसं आहे आमचं.

सोबत आणखी दहा चौकोन. या खेपेला गोंद सढळ हाताने लावलाय, कारण मागच्या वेळी पूड पाकिटात सांडली असणार. गडद तपकिरी पहा, आणि राखाडी. माझं मत तपकिरीला. तुझ्या डोळ्यांच्या बुबुळांत तो रंग आधीच आहे, फक्त उन्हात दिसतो. नाटकात ऊन नसतं, म्हणून वरून लावायचा.

रडू नकोस. म्हणजे थोडंसं चालेल.

भडकू


१५ जानेवारी

आज नमुने नाहीत. आत्याने गोंदाची बाटली कुलपात ठेवली. म्हणते, दुकान वस्तू विकायला आहे, कागदाला पावडर फासायला नाही. पाकीट टाचणीने बंद करतोय, बोटाला टोचून घेऊ नकोस.

त्यामुळे बोलायलाही काही कामाचं उरलं नाही. म्हणून बिनकामाचं लिहितो.

कॉलेज का सोडलंस, असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी म्हणालो होतो, सरांनी माझ्या वहीवर लाल रेघ ओढली म्हणून. रेघ ओढली होती, पण ते काही कारण नव्हे. खरं म्हणजे वर्गात सगळ्यांना माहीत होतं की पुढे आपण काय होणार, आणि मला एकट्यालाच माहीत नव्हतं. असं असलं की माणसाला आधी लाज वाटते आणि मग राग येतो. राग बरा, तो लोकांना दाखवता येतो.

तुझी तालीम मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तू शेवटचा प्रवेश करत होतीस. त्या कारखान्यातली शिवणकाम करणारी बाई, तिला कामावरून काढल्याचं सगळे तिच्यासमोर बोलतायत आणि ती मशीन चालवत बसली आहे. एक वाक्य नाही तिला. मग मशीन थांबतं आणि ती वर बघते, बस. मी हॉलच्या दारात उभा होतो, हातात कोणाच्या तरी छत्रीचा दांडा होता, तो कसा आला आठवत नाही. मला वाटलं, ही माझ्याकडे बघतेय आणि हिला सगळं कळलंय, तरी ती माझ्यावर हसत नाहीये.

नंतर तू सांगितलंस की तुला चष्म्याशिवाय दारापर्यंतचं काही दिसतच नाही. तरी मी माझं म्हणणं मागे घेत नाही.

ते बघणं शेवटच्या रांगेतल्या माणसाला मिळालं पाहिजे. तो बिचारा कमी पैशांचं तिकीट काढून आलेला असतो, कदाचित त्यालाही पुढचं काही माहीत नसेल. मी भांडलो ते खरं तर त्याच्यासाठी.

आज एवढंच.


२१ जानेवारी

प्रिय मुलीस,

‘प्रिय’ लिहायचं धाडस केलं आहे, कारण बातमी पुन्हा आली. रेडिओ म्हणते, तिन्ही पत्रांच्या वेळी डोळे लाल. त्या छोट्या पत्राच्या वेळी सूज नव्हती, पण नाकसुद्धा लाल, आणि विचारलं तर अंगावर आली. रेडिओला मी म्हटलं, तिला सांग, इतकं मनाला लावून घेऊ नकोस. ती म्हणाली, तूच सांग, मला मार खायचा नाही.

मी तीन दिवस कोणाशी भांडलेलो नाही. आत्याने कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

आता मुख्य काम. पेन्सिल ठरली. सोबत पाठवतोय. काळी, लाकडाची, टोक काढायची. मेण, तेल, रंग, एवढंच आहे तिच्यात. मागचं वाचलं, मग त्या कंपनीला फोन करून विचारलं. तिथल्या बाईंनी माझ्याशी अर्धा तास बोलून शेवटी विचारलं, तुम्ही कुठल्या प्रयोगशाळेतून बोलताय. मी म्हटलं, घड्याळवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधून.

मस्काराचा नाद सोड. पापण्यांच्या मुळाशी पेन्सिलने जाडसर रेघ ओढ आणि वर कोरड्या ब्रशने पूड दाबून बसव, म्हणजे ती पसरत नाही. पापण्या चिमट्याने वळव. मी हे आत्यावर करून पाहिलं आणि झेरॉक्सवाल्याच्या दुकानाच्या पलीकडे रस्त्यात जाऊन उभा राहिलो. तिथून आत्याचे डोळे दिसत होते. रागावलेले होते, ते पण दिसत होतं.

पूड कोणती ते आता तू ठरव. आत्याचं मन वळवून गोंदाची नवी मोठी बाटली आणली आहे, माझ्या पगारातून. चोवीस चौकोन केलेत, अगदी जाड, शेवटच्या निवडीसाठी. एकेक पापणीवर लावून नीट पाहा, घाई करू नकोस. आणि पेन्सिल आधी कोपराला, विसरू नकोस.

पाकीट फार फुगलंय, म्हणून तिन्ही बाजूंनी चिकटवलं आहे.

तुझाच
भडकू


२८ जानेवारी, दुपार

तुझं पत्र आलं. एवढे दिवस वाट पाहिली आणि आल्या चार ओळी. त्या मला पाठ झाल्या आहेत, तरी उतरवून काढतो, कारण माझा विश्वास बसत नाही.

"पेन्सिल कोपराला लावतेय, काही झालेलं नाही. पण तुझे रंग पापणीवर लावले आणि डोळे उघडेनात. आधीच्या दोन्ही खेपांनाही तेच झालं होतं, तेव्हा वाटलं जुनंच दुखणं अजून उतरत नसेल. आठवड्याच्या शेवटी मी दिग्दर्शकांना सांगते, भूमिका तिला द्या. तू खूप केलंस, आता राहू दे."

म्हणजे तू रडत नव्हतीस.

ठीक आहे. ते मी नंतर बघेन. एकाच वेळी दोन दुःखं करायची मला सवय नाही.

पण इतक्यात सांगू नकोस. काहीतरी चुकतंय. पूड कोरडी आहे. मी डबी पुन्हा वाचली, भिंग घड्याळवाल्या काकांकडून आणून वाचली. तिच्यात तो नाही. पाणीच नाही तर तो येईल कुठून? आत्या म्हणते, पोरीला दुसरंही काही चालत नसेल. असेल. पण तुझ्या पाठीवर एवढी ठिगळं लावली होती आणि एकट्या लांबनाव्यानेच पुरळ उठलं ना? मग माझ्या चौकोनांत असं काय आहे जे डबीत नाही? डबीतून पूड निघते, कागदावर पडते, बोटाला लागते, पापणीवर जाते. मधे आहे काय, नुसता कागद आणि


२८ जानेवारी, संध्याकाळ

मघाशी वाक्य अर्धवट राहिलं. ‘आणि’ लिहिलं आणि समोर बाटली दिसली.

गोंद ओला असतो.

मी, ज्याने ‘ज्यात पाणी, त्यात तो’ हे तुला शिकवलं, दुकानातल्या एकूणएक डब्या उलट्या करून वाचल्या, टाय लावलेल्या माणसाशी भांडलो, त्याने गोंदाची बाटली एकदाही उलटी केली नव्हती. केली. मागे बारीक अक्षरांत आहे. लांबनाव्या, पूर्ण नावानिशी, आणि पुढे लिहिलंय की काही लोकांच्या त्वचेला याने त्रास होऊ शकतो. आत्या पूर्वी पिठाची खळ करायची, तिला दोन दिवसांत वास यायचा. ही बाटली वर्षभर उघडी राहिली तरी हिला काही होत नाही. मला वाटायचं, काय मस्त गोंद आहे.

म्हणजे मी आधी त्याला तुझ्या घरातून हाकललं आणि मग पाकिटात घालून, तिकीट लावून, जाड थर देऊन परत पाठवलं. वर सांगितलं, पापणीवर नीट लावून बघ.

मग मी वचन मोडलं आणि फोन केला. तो तुला माहीतच आहे, पण माझ्या बाजूने कसा झाला ते माहीत नाही. दुकानाच्या मागे खोक्यांवर बसलो होतो. मनाशी म्हणत होतो, आवाज चढवायचा नाही, आवाज चढवायचा नाही. तू म्हणालीस, कोण? मी सांगितलं. तू पुन्हा म्हणालीस, कोण? मी पुन्हा सांगितलं. मग तू म्हणालीस,

"मोठ्याने बोल की जरा, काही ऐकू येत नाहीये."

आजवर मला हे कोणीही म्हणालेलं नाही.

मी सगळं सांगितलं. मग रेडिओचं हसणं ऐकू आलं, म्हणजे तू फोन स्पीकरवर टाकला होतास. बरं केलंस, आता सगळ्या गावाला कळेल.

आणि मग तू मला दिग्दर्शकांकडे ढकललंस. तूच सांग, मला नाही नीट सांगता येणार, असं म्हणून नंबर दिलास. त्या माणसाशी माझं शेवटचं बोलणं खुर्ची पडताना झालं होतं. मी म्हटलं, सर, तिच्या डोळ्यांचं कारण सापडलंय, तिला थोडे दिवस द्या, सूज उतरली की पेन्सिल लावून बघा, पेन्सिल चालतेय. ते म्हणाले, कारण काय? मी म्हटलं, माझी पत्रं.

"म्हणजे माझ्या नटीचे डोळे तू सुजवलेस?"

"हो."

"आणि मला सांगत होतास, शेवटची रांग पुढे आणा."

"हो."

ते खूप वेळ हसले. मी एकदाही काही बोललो नाही. आत्या दारात उभी राहून ऐकत होती, ती म्हणते, हा क्षण तिला दुकान काढल्यापासूनचा सर्वांत मोठा वाटला. शेवटी ते म्हणाले, पुढच्या गुरुवारपर्यंत थांबतो, तेव्हा डोळे मला शेवटच्या रांगेतून दिसले तर भूमिका तिची. नाही दिसले तर दुसरीची. आणि तोवर तुझी पत्रं बंद.

म्हणून हे पत्र टाकत नाही, जवळ ठेवतो. पुढच्याबरोबर येईल.

फोनवर सांगितलंच आहे, तरी इथेही लिहून ठेवतो: उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन ये, माझं म्हणणं त्यांना सांग, त्या म्हणतील ते कर. माझे सगळे कागद रेडिओला फेकायला लाव, तू हात लावू नकोस. ती वाचून फेकील, पण इलाज नाही.


१२ फेब्रुवारी

माझ्या नटीस (‘माझ्या’ यावर हरकत असेल तर कळव),

मी आलो होतो हे तुला ठाऊक आहे, बसलो कुठे हे कदाचित ठाऊक नसेल. तुमच्या दिग्दर्शकांनी स्वतः पाकीट पाठवलं होतं. आत तिकीट, शेवटची रांग, भिंतीला टेकलेली खुर्ची. सोबत चिठ्ठी: खुर्ची जमिनीत पक्की बसवलेली आहे.

आत्यालाही घेऊन आलो. ती पहिल्या अंकात म्हणाली, कुठली रे ती? इथून सगळ्या सारख्याच दिसतात. गुरुवारी त्यांनी तुला पास केलं होतं, पण तेव्हा हॉल रिकामा होता. आता पुढे एवढी डोकी.

मग तो प्रवेश आला. सगळे तुझ्याभोवती बोलत होते, तू मशीन चालवत होतीस. माझ्या शेजारी एक आजोबा मघापासून गोळीचा कागद कुरकुरवत होते, मी त्यांच्याकडे दोनदा डोळे वटारले होते, तिसऱ्यांदा बोलणार होतो. मशीन थांबलं. तू वर बघितलंस.

कागदाचा आवाज थांबला.

आत्याने माझा दंड धरला. नंतर बाहेर आल्यावर म्हणाली, तपकिरीच बरा होता, राखाडी नको म्हणाले होते ना मी. ती तसं कधीही म्हणाली नव्हती.

पडद्यामागे तुला पाहिलं तर तू फडक्याने आणि तेलाने डोळे पुसत बसली होतीस, मी सांगितलं होतं तसं. काळं गालांवर आलं होतं आणि डोळे आतून स्वच्छ होते, पांढरे पांढरे, चार तास मेकअप लावूनसुद्धा. मला तिथेच ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही, याची नोंद घ्यावी. तू म्हणालीस, पत्रं लिहीत जा, पण गोंद लावू नकोस. आणि मी वेड्यासारखं विचारलं, म्हणजे फोन नको का? तू म्हणालीस, फोनवर तू आता फार हळू बोलतोस.

तर हे पत्र. मागचं अर्धवट पत्रही सोबत आहे. पाकीट आत्याच्या सुईने काळ्या दोऱ्याने शिवलंय, तुझ्या नाटकातल्या बाईसारखं. टाके वाकडे आहेत. कात्रीने उकल, दाताने तोडू नकोस.

येताना गाडीत मी एक हिशोब करत होतो. हिशोब म्हणजे प्रयोगशाळेतला, एक गोष्ट काढून टाकायची आणि तरीही तसंच घडतं का ते बघायचं, तो. कॉलेजात हे मला नीट जमायचं. पहिलं पत्र, गोंद, डोळे सुजले. दुसरं पत्र, गोंद, डोळे सुजले. चौथं, गोंद, तेच. गोंदाचं आणि डोळ्यांचं नातं पक्कं.

पण तिसरं पत्र टाचणीने बंद केलेलं होतं. त्यात एकही चौकोन नव्हता. आत्याने बाटली कुलपात ठेवली होती, तिला विचार. आणि त्या वेळीही रेडिओ म्हणाली होती, डोळे लाल. सुजलेले नाही, नुसते लाल. आणि नाकसुद्धा. लांबनाव्याने नाक लाल झाल्याचं मी कुठेही वाचलेलं नाही.

पडद्यामागे मी हेच विचारलं तेव्हा तू आरशाकडे तोंड करून म्हणालीस की त्या दिवशी कांदा चिरत होतीस.

मला फक्त एवढंच कळव. तुमच्या खोलीत चूल नाही, विळी नाही, जेवण खालच्या खाणावळीतून डब्यात येतं, हे तूच मला सांगितलं आहेस. मग तू तो कांदा आणलास कुठून?

भडकू